रेडकर आणि त्यांची बुटकी गाडी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला, वरच्या चौकटीला, काळ्या फोमचा एक जाड तुकडा चिकटवलेला आहे. घरी पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस त्याच्याकडे बघतो आणि मग आमच्याकडे बघतो. आमच्या घरातल्या कोणीही उडी मारली तरी त्या चौकटीला डोकं लागणार नाही, हे त्याला दिसत असतं. मग मला रेडकरांची गोष्ट सांगावी लागते, आणि खरं सांगायचं तर मला ती सांगायला आवडते.

प्रभाकर रेडकर आमचे मुलुंडचे शेजारी. एकाच मजल्यावर, दारासमोर दार. आता ते कुडाळजवळ स्वतःच्या घरात राहतात आणि फोनवर नारळाच्या गोष्टी सांगतात, पण आमच्या मजल्यावर अजून त्यांच्याच नावानं बोलणं चालतं. अतिशय उंच माणूस. किती उंच, ते मात्र आम्हाला कधी कळलं नाही. विचारलं तर "सहाच्या आसपास" असं पुटपुटायचे, जसं काही कोणी त्यांचं वय विचारलंय. शिवाय ते सरळ उभे राहिलेले कोणी पाहिलेच नव्हते. मान पुढे, खांदे आत, गुडघ्यात थोडा बाक. बुटक्या माणसाशी बोलताना तर ते जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उतरून उभे राहायचे. मी स्वतः पाच फुटांना जेमतेम टेकते, त्यामुळे माझ्याशी बोलताना ते जवळजवळ तळमजल्यावर असायचे.

दार दिसलं की ते वाकायचे. दार उंच असलं तरी वाकायचे. देवळाच्या कमानीखाली, मॉलच्या काचेच्या दारातून, एकदा तर लग्नाच्या मांडवात शिरताना, जिथे वर फक्त आकाश होतं. आणि प्रत्येक दाराशी त्यांच्या मागून सुलभाचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा, "डोकं." बस, एवढाच शब्द. त्यात ना काळजी, ना चिडचिड. इतर बायका नवऱ्याला किल्ली घेतली का विचारतात, तसं ती डोकं म्हणायची. एकदा ती माहेरी गेली होती तेव्हा रेडकर आमच्याकडे जेवायला आले आणि दारात थबकले. मी म्हटलं, "या ना भाऊ." तरी उभेच. शेवटी माझ्या लक्षात आलं आणि मी म्हटलं, "डोकं." तेव्हा आत आले.

सोसायटीनं त्यांचा पुरेपूर वापर करून घेतला. जिन्यातला बल्ब गेला, रेडकरांना बोलवा. गणपतीच्या मंडपाचं तोरण, रेडकर. कोणाच्या पंख्यावर पालीनं मुक्काम ठोकला, रेडकर. सोसायटीची एक ॲल्युमिनियमची शिडी होती, ती कोणी चोरून नेली तरी वर्षभर कोणाला पत्ता लागला नसता. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण आरतीला मात्र ते सगळ्यांच्या मागे, जिन्याच्या कोपऱ्यात उभे राहायचे. नाट्यगृहात मुद्दाम शेवटच्या रांगेचं तिकीट काढायचे, आणि तिथेही बसण्याआधी एकदा मागे वळून बघायचे. मागे भिंत असायची. मग भिंतीला त्रास होऊ नये अशा बेतानं खुर्चीत घसरून बसायचे.

हे वाकणं कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. वडील गिरणीत. परळच्या चाळीतली एकच खोली, आणि माणसं मावत नाहीत म्हणून वडिलांनी त्यात पोटमाळा घातला होता. माळ्याखाली पुरुषभर उंची होती, पण ती वडिलांच्या हिशोबानं. प्रभाकर मात्र चौदाव्या वर्षापासून वाढत सुटला. "आईला वाटायचं, ह्याला भात कमी वाढला तर थांबेल," रेडकर सांगत होते. "मग तिलाच राहवायचं नाही. रागावून दुप्पट वाढायची." खोलीत ते कायम वाकलेले. सरळ व्हायला बाहेर गॅलरीत यावं लागायचं, आणि गॅलरीत आलं की शेजारपाजारचे हसायचे. तेव्हा तिथेही वाकलेलंच बरं. हे सगळं ते हसत हसत सांगायचे. मला मात्र त्या गॅलरीतल्या लोकांचा आजही राग येतो.

घाटकोपरच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर थंड हवेच्या मशिनांची दुरुस्ती केली. निवृत्तीनंतरही ओळखीच्या लोकांची कामं करायचे. असंच एक काम मढला निघालं. शूटिंगसाठी भाड्यानं जाणारा बंगला होता, तिथला एसी बंद पडला होता. रेडकर गेले ते एसी दुरुस्त करून, आणि बंगल्याच्या मागच्या आवारात ताडपत्रीखाली पडलेली एक गाडी विकत घ्यायचं ठरवूनच परत आले. लाल, दोन दारांची, दोनच माणसांची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट्‌स कार. कुठल्याशा सिनेमात हिरोनं म्हणे ती चालवली होती. आता मालकाला जागा अडत होती. रेडकरांनी महिनाभर मढला खेपा घातल्या, इंजिन चालू केलं आणि एका दुपारी गाडी सोसायटीत आणून उभी केली.

आम्ही सगळे खाली उतरलो. गाडी माझ्या कमरेपर्यंत येत होती. दार उघडलं आणि आतून आधी एक पाय आला, मग बराच वेळ काही आलं नाही, मग दुसरा पाय आला. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "रेडकर, छत कापून घ्या वर. तुमची मान बाहेर राहील, वारंही लागेल." सगळे हसले. रेडकरही हसले. सुलभा हसली नाही.

मी तिला जिन्यात विचारलं, "हे काय गं नवीन?"

"मला काय विचारतेस? मला पण कालच कळलं."

त्यांना मात्र मी सरळच विचारलं. एवढ्या उंच माणसानं एवढी बुटकी गाडी का घ्यावी? ते दोन पायऱ्या उतरले आणि म्हणाले, "नीलाताई, गाडीत बसलेल्या माणसाची उंची कोणाला कळत नाही. सिग्नलला बाजूचा माणूस बघतो ना, तो गाडी बघतो. आपण नुसता एक माणूस असतो आत." मग हळूच, "एवढ्या बुटक्या गाडीत कोण म्हणेल, हा लांबडा असेल?"



अडचण अशी की गाडीला हे मान्य नव्हतं. छत त्यांच्या डोक्याला टेकायचं. त्यामुळे ते मान डाव्या खांद्यावर कलती करून चालवायचे, शेजारी बसलेल्याचं बोलणं फार लक्ष देऊन ऐकतोय असं वाटावं. पुढच्या काचेची वरची कड नेमकी डोळ्यांसमोर यायची, म्हणून सिग्नल दिसायचा नाही. ते काम सुलभाकडे आलं. ती शेजारी बसून मान खाली घालून वर बघायची आणि म्हणायची, "सुटला." घरात डोकं, गाडीत सुटला. मी तिला म्हटलं, तुझा संसार दोन शब्दांवर चाललाय. ती म्हणाली, "हसू नकोस. त्यांच्या हाताला मुंग्या येतायत."

मुंग्यांचं पुढे वाढलं. सकाळी चहाचा कप डाव्या हातातून सुटायला लागला. डॉक्टरांनी फोटो काढले आणि मानेचे मणके दाबले गेलेत म्हणून सांगितलं. आधीच इतक्या वर्षांचं वाकणं, त्यात आता ही गाडी. मान वाकडी ठेवून एक दिवसही चालवायची नाही, नाहीतर हात जाईल, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

सुलभानं गिऱ्हाईक शोधलं. कांदिवलीचा एक जिमवाला तरुण होता, उंचीनं बेताचा, गाडीवर भाळलेला. तो रविवारी सकाळी यायचा होता. रेडकर नुसते खाली जाऊन गाडी पुसत बसले. ते गॅलरीतून बघून सुलभाचाच जीव वरखाली व्हायला लागला. तिनं खाली जाऊन सांगितलं, "रविवारपर्यंत वेळ आहे. तुम्ही तिच्यात नीट मावत असाल तर ठेवा. मान जराही वाकली तर गाडी जाणार. मला तुमचा हात हवाय, गाडी नको."

अशा रीतीनं आम्ही साकीनाक्याला कांबळ्यांकडे पोचलो. गाडीत दोनच माणसं मावतात, म्हणून गाडी चालवायला कांबळ्यांचा एक पोऱ्या, शेजारी रेडकर आणि मागून रिक्षात आम्ही दोघी. सुलभाला नवऱ्याच्या शब्दावर भरवसा नव्हता. "विचारलं तर झकास बसते म्हणतील. मला डोळ्यांनी बघायचंय," असं म्हणून तिनं मलाही ओढलं होतं.

कांबळे गाड्यांच्या सीटचं काम करायचे. पत्र्याच्या शेडमध्ये कारखाना, शेजारी लेथ मशिनचा कर्कश आवाज, आणि त्यावर चढवलेला कांबळ्यांचा आवाज. स्वतःबद्दल भारी बोलायचे. "अख्ख्या अंधेरीत विचारा, सीट म्हटलं की कांबळे. बेल्टाला मी हात लावत नाही, बाकी तुम्ही म्हणाल ते करतो." त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. गिऱ्हाइकाला ते सीटवर बसवायचे आणि तिथेच चहा द्यायचे. "माप घ्यायला गेलं की माणूस फोटोला बसल्यासारखा ताठ बसतो. तो खोटा माणूस. चहा पिताना जो बसतो ना ताई, तो खरा. मी खऱ्या माणसाचं माप घेतो."

मला पद्धत पटली. रेडकरांनी गाडीत बसून सावकाश चहा प्यायला. कांबळ्यांनी खिडकीतून डोळे बारीक करून बघितलं, पट्टी लावली आणि कामाला लागले. बॅटरीची वायर काढली, सीट उचलून बाहेर घेतली. सीटखाली ती वरखाली करणारी मोटर होती, ती काढून टाकली आणि सीट सपाट लोखंडी पट्ट्यांवर परत बसवली. चांगली चार बोटं खाली गेली. रेडकर आत बसले. डोकं छताला लागत नव्हतं. मान कलती करावी लागत नव्हती. "एकदम झकास," ते म्हणाले. कांबळ्यांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्ही टाळ्याच वाजवायला हव्या होत्या.

सुलभा गाडीभोवती फिरली. मग रेडकरांच्या खिडकीशी वाकली. "अहो, आता मान वर करा ना."

"वरच आसा गो मान," रेडकर म्हणाले. मनापासून बोलले की त्यांची मालवणी बाहेर यायची.

"वर नाहीये. पुढे आहे. वर करा."

ते गोंधळले. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. सुलभानं खिडकीतून हात घातला, त्यांच्या हनुवटीखाली बोटं ठेवली आणि मान हळूहळू मागे नेली. टक्क. डोकं छताला लागलं. अजून बरीच मान वर यायची शिल्लक होती.

शेजारचं लेथ नेमकं तेव्हाच थांबलं. कांबळ्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "आयला. चहानं दगा दिला." त्यांची इतक्या वर्षांची पद्धत, पण रेडकर चहासुद्धा वाकूनच प्यायचे. तोच त्यांचा खरा माणूस होता. कांबळ्यांनी इमानदारीत त्याचंच माप घेतलं होतं. त्यांना दोष द्यायला आम्हाला तोंड नव्हतं, कारण आम्ही सगळे वर्षानुवर्षं तेच माप धरून चाललो होतो.

शनिवारी परत गेलो. या वेळी कांबळ्यांनी चहा मागवला नाही. त्यांनी जमिनीवर एक लाकडी पाट ठेवला, भिंतीला टेकवून, आणि रेडकरांना त्यावर पाय लांब करून बसायला सांगितलं. "पाठ भिंतीला. डोकं पण भिंतीला. सरळ."

रेडकर बसले. पाठ टेकली, डोकं टेकेना. आम्ही तिघं समोर उभे राहून त्यांच्याकडे बघत होतो आणि ते अजूनच आक्रसत होते. घामानं त्यांचा शर्ट ओला झाला. मला एकदम ती चाळीची गॅलरी आठवली. मी कांबळ्यांना म्हटलं, "आपण जरा तोंड फिरवू या का?" त्या मोठ्या आवाजाच्या माणसानं एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही दोघं रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो. मागून सुलभाचा आवाज ऐकू येत होता, "अजून. अजून थोडं. वर माळा नाहीये तुमचा. अजून."

मग तिचं अजून-अजून थांबलं. मी वळून बघितलं. रेडकर भिंतीला पाठ, खांदे, डोकं सगळं लावून डोळे मिटून बसले होते. त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसलेली सुलभा त्यांच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"एवढे आहात तुम्ही?" ती म्हणाली. "मला कधी दाखवलंच नाहीत."

कांबळ्यांनी माप घेतलं आणि कपाळाला हात लावला. "साहेब, आता एकच रस्ता. खालचे रूळ पण काढायचे आणि सीट डायरेक्ट फ्लोअरला बोल्ट मारायची. वरून फोम कापायचा. पण मग ती मागेपुढे सरकणार नाही. तुमच्या पायांच्या हिशोबानं जिथे बसेल तिथेच राहील. दुसऱ्या कोणाचे पाय पेडलला पोचणार नाहीत. उद्या विकायला काढलीत तर कोणी हात लावणार नाही, मी आधीच सांगतो."

उद्या म्हणजे रविवार. कांदिवलीचा तरुण सकाळी यायचा होता, आणि त्याचे पाय तर मुळीच पोचले नसते.

रेडकर पाटावरून उठले. उठता उठताच त्यांची मान पुन्हा पुढे आली, खांदे आत गेले. "राहू दे कांबळे," ते म्हणाले. "त्या पोराला आशा लावलीय. रूळ तसेच ठेवा. एवढ्या जुन्या गाडीसाठी कशाला सगळ्यांना त्रास?" ते नेहमीप्रमाणे कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, जसं काही मागच्यांना दिसावं म्हणून.

मी सुलभाकडे बघितलं. गाडी विकायची घाई तिला होती. गिऱ्हाईक तिनं शोधलं होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कांबळ्यांना म्हणाली, "काढा रूळ."

"वहिनी, परत फिरता येणार नाही हां."

"काढा म्हटलं ना. त्या मुलाला मी फोन करते."

तिनं तिथेच, लेथच्या आवाजात, ओरडून फोन केला. रेडकर तोंड उघडं ठेवून ऐकत होते. संध्याकाळपर्यंत सीट जमिनीला लागली. रेडकर आत बसले, सुलभानं हनुवटीला बोट लावलं, मान मागे गेली. डोकं सीटच्या उशीला टेकलं आणि वर छतापर्यंत कांबळ्यांची अख्खी मूठ आरामात गेली. मूठ त्यांनी दोनदा घालून दाखवली. मी त्या शेडमध्ये एका टायरवर मटकन बसले, इतकं मला हलकं वाटलं. वास्तविक माझा त्या गाडीशी काय संबंध?

परत येताना सुलभा त्यांच्याबरोबर बसली, मी एकटी रिक्षात त्यांच्या मागे. पहिल्याच सिग्नलला मी वाट बघत राहिले. दिवा हिरवा झाला आणि गाडी लगेच सुटली. घरी आल्यावर सुलभा म्हणाली, "मला बोलायला वेळच दिला नाही. त्यांना दिसला."

मुंग्या हळूहळू कमी झाल्या. डॉक्टरांनी व्यायाम दिले होते, त्याचाही गुण असेल. रेडकर म्हणायचे, गाडीचा. रोज सकाळी ते गाडीत नुसतेच बसायचे, इंजिन बंद ठेवून, मान टेकवून. खाली बसलेला तो ताठ माणूस बघून वॉचमननं मला विचारलं, साहेबांचे भाऊ आलेत का. एकच त्रास वाढला. सरळ चालायची थोडी सवय लागल्यावर त्यांचं डोकं चौकटींना जास्तच आपटायला लागलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला दोनदा आपटल्यावर ते सीटमधून कापलेला फोमचा तुकडा आणि गोंद घेऊन आले आणि त्यांनी स्वतःच तो चौकटीला चिकटवला. शिडी लागली नाही, हे सांगायला नको.

कुडाळचं घर बांधून झालं तसा त्यांनी मुलुंड सोडायचा बेत केला. सामान टेम्पोनं पुढे गेलं. सकाळी सोसायटी सगळी खाली जमली. सेक्रेटरींनी पेढे वाटले. सुलभानं मला मिठी मारली आणि आम्ही दोघी थोडं रडलो. मग ती गाडीत जाऊन बसली. रेडकर आधीच आत होते. मी खिडकीशी गेले, आणि पहिल्यांदाच मला त्यांच्याशी बोलायला खाली बघावं लागलं. त्यांनी वर बघितलं. "नीलाताई, येवा हां कोकणात," ते म्हणाले. "आमची दारं मी मोठी बांधलीत."

आमच्या गेटवर सोसायटीच्या नावाची लोखंडी कमान आहे. तिच्याखालून टेम्पो आरामात जातो. पण रेडकर रिक्षात बसून जरी तिच्याखालून गेले तरी वाकायचे, हे आम्ही वर्षानुवर्षं बघितलं होतं. लाल गाडी गेटकडे निघाली, कमान जवळ आली, आणि सुलभा शेजारी असूनही तिचा आवाज काही आला नाही. मलाच राहवलं नाही. मी मागून ओरडले, "डोकं!"

मागच्या काचेतून मला त्यांचं डोकं दिसत होतं. ते उशीला टेकलेलं होतं. गाडी कमानीखालून गेली, आणि ते तसंच टेकलेलं राहिलं.